मागचा जादा ॲक्सल गाडी ओढत नाही

ट्रकला मागे दोन ॲक्सल (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारे आडवे दांडे) दिसले की ‘दोन्ही ओढतात, म्हणून गाडी ताकदवान’ असं सर्रास म्हटलं जातं. ते ६×४ मांडणीत खरं; ६×२ मध्ये नाही. सहा म्हणजे चाकांच्या जागा (जोडटायर एकच धरायचा), दुसरा आकडा त्यातल्या इंजिनाने फिरणाऱ्या; ६×२ मध्ये त्या दोनच. जादा ॲक्सल फक्त वजन वाटून घेतो. तो चालक (इंजिनाने फिरणाऱ्या) ॲक्सलच्या मागे असेल तर टॅग, पुढे असेल तर पुशर.

रिकाम्या गाडीत तो उचलतात, त्यामुळे टायर झिजत नाहीत आणि गाडी कमी जागेत वळते. चढावर किंवा चिखलात चाकं घसरू लागली की टॅगच्या एअर बेलोजमधली (हवा भरलेल्या, भार पेलणाऱ्या रबरी उशांमधली) हवा थोडा वेळ कमी करतात. भार चालक चाकांवर येतो, पकड वाढते. म्हणजे जादा ॲक्सलवरचा भार कमी केल्यावरच गाडी जोमाने निघते!

पण भरल्या गाडीत तो उचलूनच ठेवणं घातक. समजा मागे १८ टन भार १०.५ आणि ७.५ असा वाटलेला आहे. टॅग उचलला की सगळा एकाच ॲक्सलवर. टायर तापतात, बेअरिंग आणि स्प्रिंगचे पाटे जातात. माल मागे असेल तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंगचा ताबाही सुटतो. उलट, टॅगच्या बेलोजमध्ये दाब गरजेपेक्षा जास्त ठेवला तर चालक चाकं हलकी होऊन सपाट ओल्या रस्त्यावरही जागीच फिरतात.