मिनीची सबफ्रेम उतरवताय? आधी गाडी ‘कोरडी’ की ‘ओली’ ते बघा

1959 ते 2000 या काळात बनलेल्या मूळ ब्रिटिश मिनीला पुढे एक आणि मागे एक अशा दोन सबफ्रेम, म्हणजे बॉडीखाली बोल्टने बसवलेले धातूचे सांगाडे, असतात. पुढच्या फ्रेमवर इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाकं असतात. मागच्या फ्रेमवर फक्त मागची चाकं. घरच्या गॅरेजमध्ये, गाडीखाली खड्डा किंवा लिफ्ट नसतानाही या दोन्ही उतरवता येतात. घोळ होतो तो सस्पेन्शनमुळे. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन मिनींपैकी एकीत स्प्रिंगच्या जागी रबराचे कोन (शंकू) असतात आणि दुसरीत हायड्रोलॅस्टिक, म्हणजे दाबाखाली भरलेलं द्रव. दोन्ही कल्पना ब्रिटिश अभियंते अ‍ॅलेक्स मोल्टन यांच्याच. ब्रिटनमधले मिनीवाले पहिलीला ड्राय आणि दुसरीला वेट म्हणतात.

कोरड्या गाडीत खरा धोका सबफ्रेम बाहेर काढून तिचे सुटे भाग करताना असतो. ओल्या गाडीत तो सबफ्रेम जागची हलण्याआधीच समोर येतो. त्यामुळे एका गाडीची पद्धत दुसरीवर लावणं महागात पडतं.

ओळखायचं कसं?

सप्टेंबर 1964 पासून सलून (डिकीवाल्या साध्या) मिनींना हायड्रोलॅस्टिक मिळालं आणि 1969 ते 1971 दरम्यान ते मॉडेलगणिक बंद झालं. व्हॅन, पिकअप आणि इस्टेट या कायम कोरड्याच राहिल्या. पण निव्वळ सालावर जाऊ नका. इतक्या वर्षांत बऱ्याच गाड्यांच्या सबफ्रेम बदलल्या गेल्यात. पुढचं चाक काढून आत बघा. चाकाला धरणाऱ्या वरच्या आर्मपासून बॉडीपर्यंत उभा शॉक अ‍ॅब्सॉर्बर असेल तर गाडी बहुधा कोरडी. बहुधा म्हणायचं कारण असं की ओल्या गाडीलाही कुणी हौसेने शॉक जोडलेले असू शकतात. पक्की खूण मागे सापडते: मागच्या सबफ्रेमवर टायरच्या व्हॉल्व्हसारखे दोन व्हॉल्व्ह आणि गाडीच्या पोटाखालून पुढून मागे गेलेल्या दोन नळ्या. त्या दिसल्या की गाडी ओली.

ओली गाडी: दाब आधी, पाना नंतर

या नळ्यांमध्ये साधारण 280 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब असतो, म्हणजे मिनीच्या टायरमधल्या हवेच्या दहापट. आत पाणी, अल्कोहोल आणि गंजरोधक यांचं मिश्रण असतं. ते विषारी आहे आणि अल्कोहोलमुळे पेटूही शकतं. भरल्या दाबावर होजचं युनियन (जोडाचा नट) सैल केलं तर धार थेट तोंडावर येते.

बॉडी स्टँडवर घेतल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावू नका. गाडी चाकांवर उभी असताना दाब सोडला तर ती त्या बाजूला खाली बसते, आणि तुमचा हात नेमका तिच्याखाली असतो. चांगला मार्ग म्हणजे हायड्रोलॅस्टिक पंप असलेल्या गॅरेजमधून दाब उतरवून घेणं. मग गाडी बंप रबरांवर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबलं की टेकू देणाऱ्या रबरांवर, टेकते आणि चांगल्या रस्त्यावरून ताशी 30 मैलांच्या आत सावकाश घरी आणता येते. दाब घरीच सोडायचा असेल तर व्हॉल्व्हवर घट्ट बसणारी नळी लावून तिचं दुसरं टोक डब्यात सोडा, चष्मा आणि हातमोजे घाला, हीटर किंवा कुठलीही ज्योत आसपास ठेवू नका.

इथेच एक नेहमीची चूक होते. डाव्या बाजूचं पुढचं आणि मागचं युनिट (चाकाजवळचं द्रव भरलेलं भांडं) एका नळीने जोडलेलं असतं, उजवीकडची जोडी वेगळी. एक व्हॉल्व्ह रिकामा केला म्हणजे गाडी रिकामी झाली असं नाही. दोन्ही पूर्ण उतरल्यावरच पुढच्या होज सोडा, आणि उघडी तोंडं लगेच झाका. आत कचरा गेला तर तो युनिटपर्यंत पोचतो.

कोरडी गाडी: फ्रेम सुटते, कोन दाबलेलाच राहतो

पुढचा रबरी कोन सबफ्रेमच्याच टॉवरमध्ये, टॉवर आणि वरच्या आर्मच्या मधे दाबून बसलेला असतो. शॉक बॉडीला जोडलेला असल्यामुळे तो सोडावा लागतो. एवढं केलं की फ्रेम कोनासकट निघते. फक्त फ्रेम उतरवायला कोन दाबायचं टूल लागत नाही.

पण चाक लटकलेलं दिसलं म्हणजे कोन मोकळा झाला असं मानू नका. आर्म रिबाउंड रबरावर, म्हणजे त्याला आणखी खाली जाऊ न देणाऱ्या रबरावर, अडकलेला असतो आणि कोनात जोर शिल्लक असतो. वरच्या आर्मचा शाफ्ट किंवा बॉल जॉइंट काढायच्या आधी कोन दाबायचं टूल लावायलाच हवं. टूलचा मधला स्क्रू कोनाच्या आट्यांत पुरेसा खोल जाऊ द्या. जुन्या कोनांचे आटे इंची, नंतरच्यांचे मेट्रिक, तेव्हा जबरदस्तीने फिरवू नका. टूलचा नट आवळताना मधला स्क्रू फिरू द्यायचा नाही. तो फिरला तर रबरात बसवलेले आटे सोलले जातात. आर्म मोकळा होईल इतकंच दाबा.

मागे काम सोपं आहे. कोन आडवा असतो. शॉक सोडून आर्म पूर्ण खाली आला की ट्रम्पेट, म्हणजे कोन आणि आर्म यांच्यामधला कर्ण्याच्या आकाराचा दांडा, हाताने निघतो. शॉकचा वरचा नट डिकीत सापडतो; सलूनमध्ये डावीकडचा पेट्रोल टाकीमागे दडलेला असतो, त्यामुळे टाकी सैल करावी लागते. ओल्या गाडीत हा व्याप नाही.

दोन्हीकडे सारखं

पुढची फ्रेम उतरवताना डिकीतली बॅटरी काढा, कूलंट काढा, मग केबल, होज, वायरिंग, एक्झॉस्ट, गिअरची जोडणी, क्लचची नळी आणि ब्रेकचे लवचीक होज सोडा. इंजिनची वरची स्टेडी बार (इंजिन हलू नये म्हणून बॉडीला जोडलेला दांडा) विसरू नका. स्टिअरिंग रॅक बॉडीला बसवलेला असतो आणि तिथेच राहतो. त्यामुळे रॅकपासून चाकांकडे जाणाऱ्या ट्रॅक रॉडची टोकं सोडवावीच लागतात, आणि ती सुटली की चाकं मन मानेल तशी वळतात. चाकं बांधून ठेवा. बाहेर आलेली फ्रेम दोन चाकांवरच उभी असते, म्हणून ती पुढे किंवा मागे कलंडते. दोन्हीकडे लाकडी ठोकळे द्या. फ्रेम ओढून काढायची नसते, बॉडी क्रेनने वर उचलून फ्रेम खालून ढकलत न्यायची.

पुढच्या फ्रेमचे टॉवर बॉडीला धरून ठेवायला 1976 पूर्वी प्रत्येक बाजूला दोन लहान फास्टनर होते. त्यानंतर रबरी माउंटिंग आलं आणि एकच मोठा बोल्ट, ज्याला 1 5/16 इंचाचा सॉकेट लागतो. तो आधीच आणून ठेवा. मूळ ओल्या मिनीत हा मोठा बोल्ट सापडणारच नाही.

स्टँड बॉडीच्या भक्कम भागाखाली लावा, वर जाड फळी ठेवा. दाराखालच्या गंजलेल्या सिलवर भिस्त नको, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका. मागच्या फ्रेमचे पुढचे बोल्ट बॉडीतल्या बंदिस्त नटांत जातात. ते गंजून एकजीव झालेले असतात आणि घाईने पिळले की तुटतात. दोन-तीन दिवस आधीपासून पेनिट्रेटिंग ऑइल मारत राहा, बोल्ट थोडा सैल झाला की परत आवळा, पुन्हा सैल करा. ज्योतीने तापवण्याचा मोह होतो, पण सुरुवातीच्या गाड्यांत इलेक्ट्रिक पेट्रोल पंप मागच्या सबफ्रेमवरच असतो.

कोरडी गाडी परत जोडली की चालवायला तयार असते; ब्रेक आणि क्लच ब्लीड करायचे (त्यांच्या नळ्यांतली हवा काढायची) आणि चाकांची अलाइनमेंट तपासायची. ओल्या गाडीत आधी व्हॅक्यूमने सगळी हवा खेचून काढावी लागते, मग पंपाने द्रव दाबाखाली भरावं लागतं. हे साध्या हातपंपाने होत नाही. म्हणून पंप कोणाकडे मिळेल याची चौकशी पहिला नट सोडण्याआधीच करून ठेवा.