हापूसची पेटी व्हॉट्सॲपवर कशी आली?

मार्च उजाडला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतोच, देवगड हापूस थेट बागेतून, पेटी बुक करा वगैरे. आता याचं कुणाला काही विशेष वाटत नाही. पण बागायतदाराने गिऱ्हाइकाशी असं थेट बोलणं ही कोकणात अगदी अलीकडची गोष्ट आहे, आणि सोशल मीडियाचा धंद्याला नक्की काय उपयोग होतो हे समजून घ्यायचं असेल तर मला यापेक्षा चांगलं उदाहरण दिसत नाही.

आधी काय व्हायचं, तर आंबा काढायचा, प्रतवारी करायची, पेटीत भरायचा, गाडीत चढवून मुंबईला पाठवायचा, पूर्वी क्रॉफर्ड मार्केटला आणि नंतर वाशीला. तिथे दलाल विकणार आणि मग घरी पट्टी येणार. पट्टीवर भाव, हमाली, गाडीभाडं, अडत सगळं कापून हातात काय पडलं तेवढं लिहिलेलं. खाणारा कोण, त्याला आंबा कसा लागला, आत साका म्हणजे खराब गर निघाला का, यातलं काहीही बागेपर्यंत पोचायचं नाही. बरेच जण सीझनच्या आधी दलालाकडून उचल घ्यायचे कारण फवारणी, राखण, खतं सगळ्याला पैसा लागतो आणि तो पीक यायच्या आधी लागतो, मग आंबा त्यालाच घालणं आलं. दलालांना नुसत्या शिव्या देणं मला पटत नाही, वेळेला पैसे तेच द्यायचे. पण याच्यामुळे झालं काय की आयुष्यभर आंबा पिकवणाऱ्याला आपलं एकही गिऱ्हाईक नावाने माहीत नसायचं. आणि गिऱ्हाइकालाही कळायचं नाही की देवगड म्हणून घेतलेली पेटी देवगडची आहे की कर्नाटकातनं आलेली.

ऑर्कुट २००४ ला आलं, तिथे कोकणातले लोक एकमेकांना भेटले, गप्पा झाल्या, पण विक्री अशी काही नाही. फेसबुकने २००७ मध्ये धंद्यांसाठी वेगळी पेजेस दिली, आणि पुढच्या काही वर्षांत शहरात नोकरी करणाऱ्या बागायतदारांच्या मुलांनी घरच्या आंब्याची पेजेस काढली. मोहोराचे फोटो, आंब्याच्या अढीचे फोटो, लाइक भरपूर. पण अडचण दोन ठिकाणी होती. एक म्हणजे हापूसचा सीझन मार्च ते मे, उरलेले नऊ महिने पेज गप्प, आणि गप्प पेज पुढच्या मार्चला लोकांना दिसतच नाही. दुसरं म्हणजे फेसबुकने हळूहळू पेजेसच्या पोस्ट फुकटात लोकांपर्यंत पोचणं कमी केलं, जानेवारी २०१८ ला तर सांगूनच टाकलं की फीडमध्ये आता मित्र आणि घरचे लोक आधी. इतकी वर्षं जमवलेले फॉलोअर होते तिथेच राहिले पण त्यांच्यापर्यंत जायला जाहिरातीचे पैसे भरायची वेळ आली. लहान बागायतदाराला हे कसं परवडणार?

खरा बदल २०१६ मध्ये सुरू झाला असं मी म्हणेन. एकाच वर्षात तीन गोष्टी झाल्या, एप्रिलमध्ये यूपीआय आलं, जुलैमध्ये राज्य सरकारने फळं आणि भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या, आणि सप्टेंबरमध्ये जिओ आलं. म्हणजे आंबा थेट विकायला कायद्याने आडकाठी नाही, पैसे फोनवर घेता येतात, आणि फोटो-व्हिडिओ पाठवायला नेट स्वस्त. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आलं, पुढच्या वर्षी त्यात कॅटलॉग आला.

व्हॉट्सॲपचं एक वैशिष्ट्य लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज फक्त त्याच माणसाला जातो ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे, आणि एका लिस्टमध्ये २५६ जणच. अनेकांना ही अडचण वाटते, मला तीच त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, कारण नंबर सेव्ह करणारा माणूस म्हणजे ज्याला तुमचा आंबा परत हवाय तो. असे दोनशे जण हजारो लाइकपेक्षा कितीतरी मोलाचे.

मग आलं २०२०. लॉकडाऊन लागला २५ मार्चला, म्हणजे ऐन सीझनच्या तोंडावर. माल झाडावर तयार, वाशीचं मार्केट मध्ये काही दिवस बंदच होतं, गाड्या मिळत नव्हत्या. तेव्हा सोसायट्यांचे ग्रुप कामाला आले, एकाने सगळ्या बिल्डिंगच्या ऑर्डरी गोळा करायच्या, बागायतदाराने परवाना काढून एकच गाडी भरून थेट गेटवर आणायची, पैसे यूपीआयने. त्याच वर्षी एसटीनेही मालवाहतूक सुरू केली. ज्यांनी आधीपासून नंबर जपून ठेवले होते त्यांचा आंबा त्यातल्या त्यात लवकर गेला, आणि ज्यांच्याकडे फक्त पट्ट्या होत्या त्यांचे हाल झाले, हे लिहितानाही वाईट वाटतं.

त्यानंतर बोलण्याची पद्धतही बदलली. डिसेंबरपासूनच मोहोराचे व्हिडिओ, थ्रिप्स ही कीड पडली, अवकाळीने मोहोर गळला, यंदा पहिली तोडणी उशिरा होणार, हे सगळं गिऱ्हाइकाला कळायला लागलं. मग मार्चमध्ये भाव चढा असला तर तो का आहे हे वेगळं पटवावं लागत नाही. पेटीत दोन आंबे खराब निघाले तर फोटो येतो आणि पुढच्या पेटीत दोन जास्त जातात. मी याला जाहिरात मानतच नाही, हा व्यवहारच आहे, फक्त पूर्वी मधल्या माणसांमुळे तो होऊ शकत नव्हता.

अर्थात फसवणूकही तिथेच शिरली. दुसऱ्याच्या बागेचे फोटो उचलायचे, ॲडव्हान्स घ्यायचा आणि गायब व्हायचं, किंवा भलताच आंबा पाठवायचा. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ठरलेल्या भागातल्याच आंब्याला ते नाव लावता येतं, पण कागदावरचं जीआय पेटीत कसं दिसणार? म्हणून देवगड तालुक्यातल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या सीझनला फळावर वेगळा कोड असलेला स्टिकर आणला. आंबा घेणाऱ्याने स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, की तो कुठल्या बागायतदाराचा, कुठल्या गावचा याची माहिती फोनवर येते.