ढोलकीचा ठोका आणि मिलीसेकंदांचं गणित

ध्वनी एका मिलीसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. घरी ढोलकी, तबला किंवा पखवाज रेकॉर्ड करताना जे बिघडतं, त्यातलं बरंचसं या एका आकड्यावरून उलगडतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात भजनी मंडळं भरपूर आहेत. एकाच बैठकीत मराठी अभंगामागून कन्नड पद येतं, आणि दोन्हींना तीच ढोलकी, तेच टाळ साथ करतात. हे घरच्या घरी नीट रेकॉर्ड करायला लागणारं सॉफ्टवेअर आज फुकट आहे. ठेका रचायला हायड्रोजन आणि साधं रेकॉर्डिंग-कापाकापी करायला ऑडॅसिटी विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतात. अनेक ट्रॅकचं मोठं काम आर्डरवर करावं. लिनक्सच्या बहुतेक वितरणांतून ते थेट मोफत उतरवता येतं. पैसे लागतात ते माइकला आणि दोन माइक जोडता येतील अशा यूएसबी ऑडिओ इंटरफेसला. पण माइक कितीही भारी घेतला तरी खोली आणि अंतर चुकलं तर तो काही वाचवत नाही.

आधी खोली. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झची लाट अडकून घुमते, आणि तिच्या दुप्पट, ११२ हर्ट्झचीही. डग्ग्याचा आणि ढोलकीच्या धुमाचा (जाड आवाजाच्या तोंडाचा) खालचा नाद नेमका याच भागात फिरतो. खोली चौरस असेल तर लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तेच सूर घुमतात, म्हणून चौरस खोली सर्वात वाईट. वाद्य बरोबर मध्यभागी ठेवलं तर ५६ हर्ट्झ हरवतो आणि ११२ फुगतो. भिंतीला टेकवलं तर दोन्ही फुगतात. लांबीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे भिंतीपासून तीन-सव्वातीन फुटांवर बसलं, की दोन्ही लाटा सारख्याच, मध्यम जोराने उठतात. फूटभर सरकून पाहण्यात जो फरक पडतो तो नंतर कुठल्याही इक्वलायझरने साधत नाही.

भिंतीवर वाकळ किंवा घोंगडी टांगली की टाळांचा आणि चाटीचा (ढोलकीच्या बारीक आवाजाच्या तोंडाचा) चरचरीत पडसाद कमी होतो. ती भिंतीला चिकटवू नका. १५ सेंटिमीटर पुढे, दोरीवर सोडा. कापड लाट शोषतं ते मुख्यतः जिथे हवा वेगाने हलते तिथे, आणि भिंतीलगत हवा जवळजवळ हलतच नाही. १५ सेंटिमीटर पुढे घेतल्याने वरपासून खाली साधारण ५७० हर्ट्झपर्यंतचा आवाज चांगला शोषला जातो. त्याखालचा घुमारा मात्र वाकळीने जात नाही. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, तिच्यापुढे कापडाचं काही चालत नाही. स्लॅबच्या खोलीपेक्षा मंगळुरी कौलांचं उतरतं छप्पर रेकॉर्डिंगला बरं, कारण तिथे छत आणि जमीन समांतर नसल्याने आवाज दोघांत आदळत राहत नाही. पत्र्याच्या घरात मात्र जून ते सप्टेंबर पावसाची उघडीप पाहूनच बसावं लागतं.

ढोलकीला दोन माइक लावायचे तर प्रत्येक तोंडापासून २० ते २५ सेंटिमीटरवर, थोडे तिरपे. इथे एक गोष्ट हमखास निसटते. धुमावर थाप पडली की ती कातडी आत जाते, आतली हवा दाबली जाते आणि पलीकडची चाट बाहेर ढकलली जाते. म्हणजे खालच्या नादापुरतं एका माइकला हवेचा दाब कमी झालेला दिसतो तेव्हा दुसऱ्याला वाढलेला. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की हा नाद अंशतः एकमेकांना खोडतो आणि ढोलकी डब्यासारखी वाजते. उपाय एका बटणाचा आहे: आर्डरमध्ये प्रत्येक ट्रॅकवर ध्रुवता उलटवण्याचं, म्हणजे लाट उलटी करण्याचं, बटण असतं, ऑडॅसिटीत ‘इन्व्हर्ट’ हा इफेक्ट. एका ट्रॅकवर ते लावून, काढून ऐका आणि ज्यात घुमारा भरीव वाटतो ते ठेवा.

गायकाच्या माइकचं गणितही तेच. तो ढोलकीपासून दीड मीटरवर असेल तर ढोलकी त्यात ४.४ मिलीसेकंद उशिरा पोहोचते. तोच आवाज दोनदा, किंचित अंतराने मिसळला की काही सूर कापले जातात. म्हणून दोन माइकमधलं अंतर हे माइक आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या किमान तिप्पट हवं. मग शेजारचा आवाज जवळजवळ १० डेसिबलने खाली राहतो. कार्डिऑइड माइक पाठीमागून सर्वात कमी ऐकतो, तेव्हा गायकाच्या माइकची पाठ टाळकऱ्याकडे करा.

पातळी ठरवताना वादकाला निवांत नव्हे, दुगुनीत (दुप्पट लयीत) तिहाईसकट वाजवायला सांगा. खरं गाणं सुरू झालं की हात नेहमीच जड पडतो. सर्वात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, पण शून्यावर कापला गेलेला ठोका परत येत नाही.

आता संगणकातला उशीर. बफर (आवाजाचे तुकडे थोडा वेळ साठवण्याची जागा) १०२४ नमुन्यांचा आणि वेग सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असेल तर आत यायला २१ आणि बाहेर जायला २१ मिलीसेकंद लागतात. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज जणू १४ मीटरवरून ऐकू येतो आणि तो लय ओढायला लागतो. रेकॉर्ड करताना बफर १२८ ठेवा. कटकट आवाज येऊ लागले तर २५६. मिक्सिंगच्या वेळी पुन्हा १०२४ केलं तरी चालतं. ब्लूटूथ हेडफोन या कामाला अजिबात घेऊ नका, त्यात १००-२०० मिलीसेकंद सहज जातात. ऑडॅसिटीत उशिराची भरपाई (रेकॉर्ड झालेला ट्रॅक आपोआप मागे सरकवणं) मुळात उणे १३० मिलीसेकंद ठेवलेली असते, ती तुमच्या यंत्राला लागू पडेलच असं नाही. ती शून्य करा, ‘ऱ्हिदम ट्रॅक’ने टिकटिक तयार करा, हेडफोन माइकला टेकवून ती रेकॉर्ड करा आणि मूळ ठोका आणि रेकॉर्ड झालेला तोच ठोका यांतलं अंतर मोजा. १४२ निघालं तर उणे १४२ लिहा. बफर बदलला की पुन्हा मोजायचं.

ढोलकीवाला मिळत नसेल तेव्हा हायड्रोजन. त्यातले तयार संच बहुतेक पाश्चात्त्य ड्रमचे, म्हणून आपले बोल आपणच भरावेत. ना, तीं, उघडा घे, बंद क, प्रत्येकी हलका, मध्यम आणि जोराचा, दर जोरात चार ठोके. प्रत्येक ठोक्याआधीची शांतता नेमकी कापा, नाहीतर ठेका कायम मागे पडतो. हायड्रोजनमध्ये एका वाद्याला जोरानुसार अनेक थर देता येतात. उघडा घे आणि बंद क यांना एकाच ‘म्यूट ग्रुप’मध्ये टाका, म्हणजे क पडताच घेची गुंज थांबेल. खऱ्या डग्ग्यावर तळवा तेच करतो.

आठ मात्रांचा केरवा ठेका १६ घरांच्या पट्टीवर असा बसतो: धा गे ना ती, ना क धि न. दायाँ (उजव्या हाताचा तबला) १, ५, ७, ९, १३, १५ या घरांत, उघडा डग्गा १, ३, १३ मध्ये, बंद क ११ व्या घरात. समेला (पहिल्या मात्रेला) जोर पूर्ण, बाकीच्यांना ६० ते ७५ टक्के. ‘ह्यूमनाइज’ची पट्टी थोडीच सरकवा, कारण ती ठोके कसेही विस्कटते. वादक तसं करत नाही, तो ठरावीक मात्रा दर आवर्तनात तेवढीच मागे ठेवतो. असे ठोके हाताने सरकवलेले बरे. भजनात लय चढते, तेव्हा गाण्याच्या पट्टीवरच्या टाइमलाइनमध्ये जागोजागी वेग वाढवत न्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिनिटाला ८० ठोक्यांवर अडकलेला ठेका भजनाला मारतो.

सुराकडे दुर्लक्ष करू नका. साध्या गोल कातडीचे उपस्वर (मूळ सुराबरोबर उठणारे वरचे सूर) १, १.५९, २.१४ अशा वेड्यावाकड्या प्रमाणात असतात. तबल्यावरच्या काळ्या शाईमुळे ते १, २, ३, ४, ५ च्या जवळ येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं होतं. म्हणूनच तबल्याला ठाम सूर असतो, आणि गायकाची पट्टी काळी दोन असताना काळी एकचा नमुना (आधी भरून ठेवलेला ठोका) लगेच खटकतो. नमुना दोन अर्धस्वरांपर्यंत सरकवता येतो. तीन अर्धस्वर चढवला की त्याची लांबी १६ टक्के घटते आणि तो खोटा वाटू लागतो.

डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली घसीट मात्र नमुन्यांतून येत नाही. म्हणून हायड्रोजनमधून प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल काढावी, दायाँ तोच ठेवावा आणि डग्गा कुणाकडून तरी प्रत्यक्ष वाजवून घ्यावा. एवढ्यानेही गाणं जिवंत होतं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या गाण्यातलं चौंडकं तर रचण्याच्या भानगडीत पडूच नये. त्याची तारच ताण बदलत बोलते, ते खरंच हवं.

पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि सूर उतरतो, तेव्हा दर टेकआधी स्वर लावून घ्या. घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. साध्या इन्व्हर्टरवर ५० हर्ट्झबरोबर १५० आणि २५० चीही कुरकुर येते.

शेवटचं मिक्स मोबाइलवर ऐका, कारण मंडळी तिथेच ऐकणार. त्याच्या स्पीकरमधून २०० हर्ट्झखालचं फारसं येत नाही आणि डग्गा गायब होतो. अशा वेळी खालचा बास वाढवून उपयोग नाही. डग्ग्याच्या ट्रॅकवर किंचित डिस्टॉर्शन द्या. त्याने २०० ते ४०० हर्ट्झमध्ये उपस्वर तयार होतात आणि त्यांवरून कान खालचा नाद ओळखतो.