परवानगीचा ‘वारसा’: एका शब्दामागचा गुंता

कोणत्या फाइलला कोण हात लावू शकतो, याची नावानिशी यादी फाइलसोबत ठेवायची कल्पना मल्टिक्स या सुरुवातीच्या संगणक-प्रणालीच्या १९६५ च्या आराखड्यातच होती. पुढे युनिक्स या प्रणालीने ती आटोपशीर केली: मालक, गट आणि इतर या तिघांना वाचणे, लिहिणे, चालवणे, असे एकूण नऊ बिट, म्हणजे नऊ हो-नाही खुणा. एका फाइलला एकच गट, त्यामुळे दोन विभागांना वेगवेगळे अधिकार द्यायचे झाले की अडायचे. कार्यालयीन कागदपत्रांसाठी ही चौकट अपुरीच होती.

१९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीबरोबर सविस्तर याद्या ऑफिसच्या सर्व्हरवर आल्या, आणि तिथूनच ‘इनहेरिटन्स’, म्हणजे फोल्डरच्या परवानग्या आतल्या फाइलींना वारशाने मिळणे, या शब्दाचा घोळ सुरू झाला. मराठीत वारसा एकदाच मिळतो. नंतर तो ज्याचा त्याचा. एनटीतही तसेच होते. नवी फाइल बनताना फोल्डरच्या परवानग्यांची नक्कल तिला मिळे आणि नाते तिथेच संपे. पुढे फोल्डरची यादी बदलली, तरी जुन्या फाइली जुन्याच यादीवर चालत. तो बदल खाली पोचवायचा तर ‘आतल्या सगळ्यांवर लागू करा’ ही खूण करायची, आणि तिच्यासरशी कुणीतरी विचारपूर्वक दिलेल्या खास परवानग्या पुसल्या जायच्या.

विंडोज २००० ने शब्द तोच ठेवून अर्थ बदलला. वारसा आता चालू नात्यासारखा झाला: वर बदल केला की खाली आपोआप उतरतो, आणि फाइलच्या स्वतःच्या नोंदी वेगळ्या राहतात. माझ्या मते हा या इतिहासातला सर्वांत उपकारक बदल. पण जुना अर्थ एका कोपऱ्यात टिकला. वारसा तोडताना, म्हणजे एखाद्या फाइलचे वरच्या फोल्डरशी असलेले हे नाते थांबवताना, प्रणाली विचारते: वरून आलेल्या नोंदींची नक्कल ठेवू की काढून टाकू? बहुतेक जण नक्कल निवडतात, कारण त्या क्षणी काहीच बिघडत नाही. बिघडते नंतर. वरच्या फोल्डरवर नव्याने जोडलेल्या सहकाऱ्याला ती फाइल दिसत नाही, आणि बदली होऊन गेलेल्याचे नाव थेट यादीत असेल तर ते तिथेच राहते. फाइल त्याच ड्राइव्हवर दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तर जुन्या परवानग्या बरोबर जातात, कॉपी केली तर नव्या जागेच्या लागतात. हे ठाऊक नसल्याने कितीतरी गोपनीय कागद उघडे पडू शकतात.

माणसाला नावानिशी नव्हे तर कामातल्या भूमिकेनुसार अधिकार देण्याची मांडणी १९९२ ची, तिचे अमेरिकी मानक २००४ चे. तिने माणसांची बाजू सावरली, फोल्डरांची नाही.

शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या सामायिक कागदपत्रांच्या प्रणालीच्या २००७ च्या आवृत्तीत वेगळी परवानगी सुट्या फाइलपर्यंत पोचली. पुढे ‘शेअर’ बटणामुळे वारसा तोडणे प्रशासकाच्या हातातून प्रत्येकाच्या हातात गेले. लिंक पाठवणाऱ्याला आपण काही तोडले हे कळतही नाही. शेअरपॉइंटच्या एका लायब्ररीत, म्हणजे फाइलींच्या एका संग्रहात, अशा स्वतंत्र परवानग्यांची कमाल मर्यादा ५०,००० आहे, पण ५,००० च्या आत राहावे अशी शिफारस आहे.

गूगल ड्राइव्हमध्ये तर एक फाइल अनेक फोल्डरांत राहू शकत असे, म्हणजे वारसा अनेकांकडून. ३० सप्टेंबर २०२० पासून नव्या फाइलला एकच फोल्डर उरला आणि बाकी ठिकाणी शॉर्टकट आले. शॉर्टकट कोणालाही दिसला, तरी मूळ फाइलवर परवानगी असल्याशिवाय ती उघडत नाही.