फोर्ज्ड पिस्टन: ४०३२ घ्यायचा की २६१८?

घरच्या गॅरेजमध्ये इंजिन उतरवून त्याला टर्बो बसवायचा बेत केला की माणूस ‘फोर्ज्ड पिस्टन टाकू’ एवढं ठरवून मोकळा होतो. खरा घोळ पुढे आहे. फोर्ज्ड (ठोकून-दाबून घडवलेले) म्हणून मिळणारे पिस्टन प्रामुख्याने दोन वेगळ्या ॲल्युमिनियम मिश्रधातूंचे असतात, ४०३२ आणि २६१८. हातात घेतले तर सारखेच वाटतात, इंजिनात गेल्यावर मात्र दोघांची तऱ्हा निराळी.

फरक मुळात सिलिकॉनचा. ४०३२ मध्ये ते साधारण १२ टक्के असतं. २६१८ मध्ये जवळजवळ नाहीच. तिथे तांबं, मॅग्नेशियम, लोखंड आणि निकेल काम करतात. (कॉनकॉर्ड विमानाचं कवच याच जातीच्या धातूचं होतं. आवाजाच्या दुप्पट वेगात तापणाऱ्या पत्र्याने कच खाऊन चालणार नव्हतं.) सिलिकॉन भरपूर असलं की धातू कमी फुगतो, कमी झिजतो, पण ठिसूळही होतो.

घरी टर्बो लावणाऱ्यांची लाडकी माझदा एमएक्स-५ घ्या. तिच्या पहिल्या दोन पिढ्यांतल्या १.८ लिटर इंजिनाचा बोर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिमी, ब्लॉक बिडाचा. पिस्टनचा स्कर्ट (रिंगांखालचा भाग) १०० अंश सेल्सिअसने तापला तर ४०३२ साधारण ०.१६ मिमी फुगतो आणि २६१८ साधारण ०.१८५ मिमी. हा फरक आपल्या बोरिंगवाल्याच्या हिशेबात जेमतेम एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग). पण सगळा खेळ त्या एका थाऊचा आहे. बीड ॲल्युमिनियमइतकं फुगत नाही, म्हणून जास्त फुगणाऱ्या पिस्टनला थंड असतानाच जास्त जागा ठेवावी लागते. या मापाला ४०३२ साठी दोनेक थाऊ क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमधली फट) चालतो, टर्बोवरच्या २६१८ ला तीन किंवा त्याहून जास्त लागतो.

म्हणूनच २६१८ वाली गाडी सकाळी चालू केली की खटखट करते. इंजिन तापलं की आवाज जातो. नवखा मात्र घाबरून हेड पुन्हा उघडायला निघतो. त्या खटखटीत लगेच बिघडण्यासारखं काही नसतं, पण दर थंड स्टार्टला पिस्टन भिंतीवर आपटतो आणि स्कर्ट झिजत राहतो. रिंगच्या खाचाही ४०३२ पेक्षा लवकर रुंदावतात. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत हे इंजिन लवकर ऑइल खाऊ लागलं तर नवल नाही.

मग २६१८ घ्यायचा कशाला? नॉकिंगसाठी. बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) वाढवला, इग्निशन जरा जास्त आगाऊ झालं किंवा पेट्रोल हलकं मिळालं की सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि दाबाचे हातोडे पिस्टनच्या डोक्यावर बसतात. अशा वेळी ४०३२ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली पातळ कड तडकते. तुकडा उडाला की भिंतीवर ओरखडे, आणि इंजिन धूर मारायला लागतं. २६१८ तोच मार खाऊन थोडा दबतो, वाकतो, पण सहसा तुटत नाही. चूक लक्षात यायला तुम्हाला थोडा वेळ मिळतो, इतकंच. सतत चुकीचा मॅप (इंजिनाच्या संगणकातलं इंधन आणि इग्निशनचं सेटिंग) चालवला तर तोही वितळतो.

माझं मत सरळ आहे. रोजची गाडी, अर्ध्या बारच्या आसपास बूस्ट, जाणत्याने केलेलं ट्यूनिंग असेल तर ४०३२ पुरेसा आहे आणि सुखाचा आहे. ट्रॅकवर नेणार, बूस्ट एक बारच्या वर जाणार, मॅप अजून शिकत शिकत करणार, तर २६१८. आणि एमएक्स-५ मध्ये इंजिन उघडलंच आहे तर कनेक्टिंग रॉड बदलल्याशिवाय बंद करू नका. बूस्ट वाढला की त्या इंजिनात रॉड आधी वाकतात.

ऑर्डर देताना धातूचा क्रमांक विचारा. ब्लॉक बोरिंगला द्यायचा तो पिस्टन हातात आल्यावरच. चारही पिस्टन मायक्रोमीटरने मोजा, पिनला (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या खिळीला) काटकोनात, कंपनीने कागदावर दिलेल्या उंचीवर. स्कर्ट वर-खाली सारख्या मापाचा नसतो. होनिंगवाल्याला (सिलिंडर घासून अंतिम मापाला आणणाऱ्याला) तो कागदच द्या. ‘फोर्ज्ड आहे, तीन थाऊ ठेवा’ एवढंच सांगितलं आणि पिस्टन ४०३२ निघाला, तर कमी खटखटीसाठी मोजलेले पैसे वाया गेले. उलट झालं, दोन थाऊत २६१८ बसवला, तर पहिल्याच चढावर इंजिन जाम होऊ शकतं.