आंब्याचा हात आणि मायची शुगर

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, एसटी बंद झाली आणि मायची एचबीएवनसी टेस्ट (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी) राहिली ती राहिलीच. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दर तीन महिन्यांनी ती तालुक्याला जाऊन रक्त देऊन यायची, पण आता जायचं कशानं आणि दवाखान्यातून कोरोना घरी आला तर, ही भीती वेगळीच. घरी ग्लुकोमीटर होता, बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला की शुगर दाखवणारी मशीन, म्हटलं यावरच भागवू.

मे महिन्यात एका दुपारी आकडा आला 312. सगळे घाबरले. माय म्हणे, "म्या त भाकरच खाल्ली ना रे, साखर कुठून वाढन?" मग पाहिलं तर बाई सकाळपासून रसासाठी आंबे पिळत होती आणि हात नुसते पदराला पुसलेले. आता मशीनला काय कळते साखर रक्तातली का आंब्याची, पट्टीवरच्या एन्झाइमला थेंबात जेवढं ग्लुकोज सापडलं तेवढा करंट तयार होते, त्याचाच आकडा दिसते. साबणानं हात धुवून, कोरडे करून परत टोचलं, 148. (सॅनिटायझर चोळून भागत नाही बरं का, चिकट साखर बोटावरच राहू शकते.)

पट्ट्यांची डबी साधारण 30 डिग्रीच्या आत ठेवा म्हणतात, आणि इकडे मेमध्ये पारा 45 च्या वर, त्यात टिनाचं घर. माय ती माठाजवळ ठेवायला निघाली होती, पण ओल लागली तरी पट्टी खराबच.

बोटाची टेस्ट त्या मिनिटाचं सांगते. एचबीएवनसीचं तसं नाही, साखर लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी जगते साधारण 120 दिवस, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, 7 टक्के म्हणजे सरासरी 154 च्या आसपास. पण पेशी मेली की तिच्यासोबत हिशोबही गेला. दिवाळीनंतर मायचा रिपोर्ट 7.4 आला, तो पावसाळा संपतानापासून दिवाळीच्या फराळापर्यंतचा. एप्रिल-मेमध्ये ती न सांगता गोळ्या अर्ध्या करून पुरवत होती (हे आम्हाला नंतर कळलं), तेव्हा आत काय चाललं होतं ते आता कोणतीच शुगरची टेस्ट सांगणार नाही.

आणि विदर्भात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजारही बराच आहे, हे लोक विसरतात. त्या आजारात लाल पेशी फार लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून शुगर वाढलेली असूनही एचबीएवनसी कमी येऊ शकते. रिपोर्ट चांगला म्हणून घरचे खुश. अशा पेशंटला बोटाचेच आकडे जास्त कामाचे, नाहीतर फ्रुक्टोसामाइन नावाची टेस्ट असते, ती रक्तातल्या प्रोटीनवरून मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगते. तेव्हा घरात कोणाला सिकलसेल असेल तर शुगरच्या डॉक्टरला ते आधी सांगा, तो विचारेलच असं नाही.