पांदण रस्त्याचा खर्च कोणी किती द्यायचा?

काटोल-नरखेड भागात पावसाळा सरला की पांदण रस्त्यांचा, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटांचा, विषय निघतोच. आंबिया बहाराची संत्री तोडणीला आलेली असतात आणि भरलेली ट्रॉली चिखलात रुतून बसते. मग दोन-चार बागायतदार मिळून मुरूम टाकायचं ठरवतात, आणि वाद पहिल्याच बैठकीत सुरू होतो. कोणी म्हणतो सारखी वर्गणी काढा, कोणी म्हणतो एकरी. दोन्ही पद्धती सोप्या आहेत, पण दोन्हींत कुणावर तरी अन्याय होतो. असे वाद सोडवण्यासाठी गणिताची एक स्वतंत्र शाखाच आहे: सहकारी खेळांचा सिद्धांत. ‘खेळाडू’ म्हणजे एकत्र येऊ शकणारे लोक, आणि प्रश्न एवढाच की एकत्र आल्याने होणारा खर्च किंवा फायदा कसा वाटायचा.

समजा, डांबरी रस्त्यापासून १०० मीटरवर पहिली बाग आहे, २५० मीटरवर दुसरी आणि ४०० मीटरवर तिसरी. पहिल्या टप्प्यात ओढ्यावर सिमेंटचे पाईप टाकून मोरी करायची आहे, म्हणून तिथे ६० हजार. दुसरा टप्पा टणक जमिनीचा, पातळ थर पुरतो, म्हणून ४० हजार. तिसरा काळ्या मातीचा, ५० हजार. एकूण दीड लाख.

सारखी वाटणी केली तर प्रत्येकी ५० हजार. म्हणजे पहिल्या दोघांनी मिळून एक लाख दिले, आणि दुसऱ्या बागेपर्यंतच्या रस्त्याचा खर्चही नेमका तेवढाच आहे. तिसऱ्याने फक्त आपल्या शेवटच्या तुकड्याचे पैसे दिले. आधीचा अडीचशे मीटर रस्ता त्याला फुकट मिळाला. एकरी वाटणी आणखी बिघडू शकते. बागा अनुक्रमे १०, ३ आणि २ एकर असल्या तर पहिल्याच्या वाट्याला एक लाख येतात. स्वतःपुरता रस्ता तो ६० हजारांत करू शकतो, मग तो बैठकीतून उठून जाईल, आणि ते बरोबरच असेल.

अमेरिकन गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांनी १९५३ साली यावर जो तोडगा दिला तो फार देखणा आहे. तिघे एकामागून एक रस्त्याच्या योजनेत सामील होतात अशी कल्पना करा. प्रत्येकाने, आपण आल्यामुळे जेवढा खर्च वाढला तेवढाच द्यायचा. पण आधी कोण आणि नंतर कोण, यावर आकडा बदलतो. म्हणून सगळे क्रम धरायचे, तिघांचे सहा, आणि सरासरी काढायची. मधल्या बागायतदाराचं बघा. तो सर्वांत आधी आला, आणि असे क्रम दोन आहेत, तर त्याच्यामुळे एक लाख खर्च होतो. फक्त पहिला त्याच्या आधी आला असेल तर ४० हजार. तिसरा आधी येऊन गेला असेल, आणि असे क्रम तीन आहेत, तर रस्ता आधीच पुढपर्यंत झालेला असतो, म्हणून शून्य. बेरीज २ लाख ४० हजार, भागिले सहा, म्हणजे ४० हजार. याच रीतीने पहिल्याचे २० हजार आणि तिसऱ्याचे ९० हजार येतात.

आता याच आकड्यांकडे टप्प्यांनुसार पाहा. पहिल्या टप्प्याचे ६० हजार तिघांत भागले की २०. दुसऱ्याचे ४० हजार तो वापरणाऱ्या दोघांत भागले की २०. तिसऱ्याचे ५० हजार एकट्या शेवटच्याचे. उत्तर तेच! सहा क्रम मांडायची गरजच उरत नाही: जो टप्पा जितके जण वापरतात, तितक्यांत त्याचा खर्च सारखा वाटायचा. विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च लहानमोठ्या विमानांत वाटताना हाच नियम लागू पडतो, हे लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी १९७३ मध्ये दाखवलं. शॅप्लींना २०१२ साली ॲल्विन रॉथ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा ते ८९ वर्षांचे होते.

आतापर्यंत आपण खर्च नेमका ठाऊक आहे असं धरलं. प्रत्यक्षात तो तसा कधीच नसतो. तिसरा टप्पा १५० मीटर लांब, ३ मीटर रुंद, दाबून १५ सेंटिमीटर थर: हे झाले ६७.५ घनमीटर, म्हणजे सुमारे २४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). सैल मुरूम दबतो, म्हणून साधारण सव्वापट, ३० ब्रास लागेल. पण काळी माती ओल धरून फुगते, मऊ पडते आणि मुरूम पोटात घेते. मग हाच आकडा दुप्पट होऊ शकतो. अशा वेळी ठेकेदाराने सांगितलेला एकच गोल आकडा काय, किंवा पाणाड्याने हातावर नारळ ठेवून सांगितलेली बोअरची खोली काय, दोन्हींवर भरवसा ठेवू नये. जमिनीखालचं जे कुणी मोजलेलंच नाही, त्याचा नेमका आकडा कुणालाही माहीत नसतो. प्रामाणिक उत्तर पल्ल्यातच येतं: किमान इतके, कमाल इतके.

म्हणून टप्प्यांचे खर्च हजारांत असे धरू: पहिला ६० ते ९०, दुसरा ४० ते ६०, तिसरा ५० ते ११०. पल्ल्यांच्या बेरजेत काही अडचण नाही; वजाबाकीत घोळ होतो. दुसऱ्या बागेपर्यंतचा खर्च १०० ते १५०, पहिल्या बागेपर्यंतचा ६० ते ९०. फरक किती? पल्ल्यांच्या अंकगणिताचा नेहमीचा नियम किमानातून कमाल आणि कमालातून किमान वजा करायला सांगतो, आणि उत्तर १० ते ९० येतं. पण दुसरा टप्पा तर ४० ते ६० चाच आहे! चूक अशी की पहिला टप्पा एका जागी महागात पडला आणि दुसऱ्या जागी स्वस्तात झाला असं आपण धरलं. तो तर एकच रस्ता आहे. म्हणून इथे किमानातून किमान आणि कमालातून कमाल वजा करायचं. या वजाबाकीला अट एकच: ज्यातून वजा करायचं तो पल्ला दुसऱ्याहून अरुंद नसावा. इथे रुंदी ५० आणि ३०, म्हणजे चालतं. वाटे येतात २० ते ३०, ४० ते ६० आणि ९० ते १७०. बेरीज १५० ते २६०, एकूण खर्चाशी तंतोतंत जुळते.

याचा व्यवहारात थेट उपयोग होतो. किमान आकडा काम सुरू होण्याआधी जमा करायचा, कमालपर्यंतची तयारी ठेवायची. आता समजा, बिल २ लाख १६ हजार आलं. हे पल्ल्याच्या ६० टक्क्यांवर आहे, म्हणून प्रत्येकाने आपल्या पल्ल्याच्या ६० टक्क्यांवर यायचं: २६, ५२ आणि १३८ हजार. पण खरे खर्च ६०, ४६ आणि ११० असले, म्हणजे वाढ मुख्यतः काळ्या मातीत झाली असली, तर न्याय्य वाटे २०, ४३ आणि १५३ होतात. एकच एकूण बिल घेतल्याने पहिल्या दोघांचे १५ हजार नाहक गेले. म्हणून मुरमाच्या ट्रॉल्या आणि जेसीबीचे तास टप्प्यागणिक वेगळे लिहायलाच हवेत. हे काम झाल्यानंतर आठवून होत नाही.

आता वजाबाकीची अट मोडते तिथे काय? दोघे बागायतदार संत्री दिल्लीला पाठवतात. एकट्याने गेलं तर भाडं पहिल्याला २० ते ३० हजार, दुसऱ्याला २४ ते ४०. दोघांनी मिळून गाडी ठरवली तर पक्के ३६. एकत्र येण्याने अनिश्चितताच संपली, पण ३६ मधून २० ते ३० वजा केले तर १६ ते ६ असा उलटा पल्ला येतो, आणि पल्ल्यांचं गणित थांबतं. मग प्रत्येक शक्यतेचा हिशेब वेगळा करावा लागतो, तोही शॅप्लींच्याच रीतीने: दोघांचे दोन क्रम आणि त्यांची सरासरी. दोघांचे दर किमान असतील तर पहिल्याने १६ हजार द्यायचे, दोघांचे कमाल असतील तर १३. पहिल्याचा किमान आणि दुसऱ्याचा कमाल असेल तर फक्त ८, उलट झालं तर २१. एकाच दिवशी एकाच बाजाराला जाणाऱ्या गाड्यांचे दर सहसा बरोबरच चढतात-उतरतात, म्हणून १३ ते १६ हा पल्ला जास्त भरवशाचा. बिल ३६ हजारांचं पक्कं असूनही वाटा हलतो, कारण तो एकट्याने काय पडलं असतं यावर ठरतो. तेव्हा गाडी भरायच्या दिवशीचं दोघांचं एकट्याचं भाडं त्याच दिवशी चौकशी करून बिलाच्या मागे लिहून ठेवावं.